हिरव्या स्वेटरातला गोलकी

बाबारावांचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "ताई, रविवारी अकोल्याले याच लागते. सुधाकरच्या नावाची शील्ड करून राह्यलो. तुमी समोर बसल्या म्हंजे कोनाचं तोंडच उघडनार नाई. त्याचा फोटो आना संग."

सुधाकर म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. अकोल्याच्या आमच्या मोहल्ल्यातल्या फुटबॉल क्लबचा गोलकी, आणि बाबाराव त्याच क्लबचे जुने कारभारी. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. क्लबवाले पोरांच्या स्पर्धेत चांगल्या गोलकीला शील्ड देणार आहेत, आणि ती क्लबच्या आजवरच्या सगळ्यात भारी गोलकीच्या नावानं असणार. ते नाव रविवारी मैदानावर ठरणार होतं. माझ्या दादाचं नाव शील्डवर! फोन ठेवायच्या आधीच कोणतं लुगडं नेसायचं ते माझं ठरून गेलं. शेंगा तशाच राहिल्या. नातीला, सायलीला म्हटलं, चल वं पोरी, तुला माहेर दाखवते.

ज्यांना अमरावतीहून अकोल्याला जायचं असेल त्यांनी थंडीतच जा. उन्हाळ्यातलं अकोला म्हणजे चुलीवरचा तवा, मी तिथंच वाढले म्हणून सांगते. आम्ही सकाळची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे आम्ही दोघी मिळून एका माणसाच्या पैशात गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. रस्ता आता इतका चांगला झाला आहे की डोळा लागतो. पण झोपू नका. दोन्हीकडे कापूस फुटलेला असतो, मधे मधे तूर, आणि उन्हात वेचणाऱ्या बायांची डोक्याची फडकी दिसतात. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खाल्ला. चटणी झणझणीत. चहा मात्र नुसता पाक. मला शुगर आहे, हे सायलीनं चहावाल्याला सांगायच्या आत मी तो पिऊन टाकला.

"आजी, बाबांचे मामा खरंच एवढे भारी होते?" सायलीनं विचारलं.

मला काय माहीत! मी त्याची एकही मॅच पाहिली नाही. पोरींनी मैदानाकडे जायची पद्धतच नव्हती. मला ठाऊक होतं ते फक्त स्वेटर. बाकीच्यांसारखा शर्ट गोलकीला चालत नाही, वेगळा रंग लागतो. क्लबजवळ पैसे कुठले? मग मीच विणून दिलं. पोपटी हिरवं, छातीवर पांढरा पट्टा. जो गोलमध्ये उभा राहील त्यानं ते घालायचं. क्लबमध्ये ते एकच होतं. धुवायला घरी येई तेव्हा कोपराची माती पाहून मी ओळखायची, आज दादा किती वेळा पडला ते. मग लग्न होऊन मी अमरावतीला आले आणि ते धुणंही सुटलं.

स्टँडवरून ऑटोनं मैदानावर गेलो. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून मैदान आहे, नुसती धूळ. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या, आणि वाद आमच्या आधीच सुरू झालेला.

पोरांना शिकवणारा इरफान सध्याच्या गोलकीच्या बाजूनं होता. या गोलकीचं नाव गोलू, चांगला ताडमाड पोरगा. इरफान म्हणाला, "काका, सुधाकरकाका चांगले असतीन. पन तवाचा बॉल हळू येत होता."

बाबाराव खुर्चीतून उठलेच. "हळू? भिजला का विटेवानी लागत होता बे! तुह्या गोलूले हातमोजे लागते, केसाले जेल लागते, आन् बॉल जाते टांगेमधून!"

सगळे हसले, गोलूसुद्धा. मी तर लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसले. इतकी माणसं माझ्या दादासाठी भांडत होती! फोटो मांडीवर धरून मी अगदी नवरीसारखी बसले होते.

शेवटच्या खुर्चीवर सलीमभाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दादाचे जिवाभावाचे दोस्त. तेही गोलकीच, पण दादा असेपर्यंत बाहेरच बसलेले. माझ्या हातावर दाणे ठेवत म्हणाले, "खाओ ताई, ये लोगों का चलतच राहते."

मग बाबारावांनी हुकमाचं पान काढलं. "फायनलची पेनल्टी इसरले का रे? दिवस बुडून राह्यला होता. मी त्या भिंतीवर बसलो होतो. समोरच्यानं बॉल मारला आन् सुधाकर हवेत असा आडवा! ते हिरवं स्वेटर मले आजही दिसते. खांद्यावर घ्याले धावलो तं गडी गायब. ज्यानं ते पेनल्टी अडवली त्याचीच शील्ड, बस!"

"हे मान्य," इरफान म्हणाला. "ते पेनल्टी तं अब्बाही सांगत होते."

मला आणखी ऐकायचं होतं. म्हणून विचारलं, "कवाची हो ही गोष्ट?"

"जिनिंगले आग लागली ना, त्या वर्षाची. करीच्या दिवशी."

हातातले दाणे हातातच राहिले. त्याच वर्षी, संक्रांतीनंतरच्या करीलाच, माझा मुलगा झाला. महिनाभर आधीच, अमरावतीच्या दवाखान्यात. माझी तब्येत बिघडल्याचा निरोप मिळाला म्हणून दादा सकाळच्या गाडीनंच आला होता. त्यानं रक्त दिलं आणि रात्रभर पायरीवर बसून राहिला. त्याच उन्हाळ्यात लागलेल्या जिनिंगच्या आगीची बातमीही, बाळ पाहायला आल्यावर, त्यानंच तर मला सांगितली होती.

मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली. बोलू नका. नुसतं गप्प बसले असते तर शील्ड दादाचीच होती.

पण दादाचा फोटो माझ्याकडे पाहत होता. "बाबाराव, त्या दिवशी दादा अमरावतीत होता."

"ताई, तुमच्या ध्यानात नसन."

"बाळंतपन माहं होतं, बाबाराव. तुमी कोन्त्या भिंतीवर होते ते इसरान, मी कशी इसरीन?"

तेव्हा क्लबात दुसरा गोलकी एकच होता. सगळे सलीमभाईंकडे पाहू लागले. त्यांनी टरफलं खाली झटकली. "सुधाकर सकाळी स्वेटर देऊन गेला. म्हने, टोपी खाली ओढ. त्या टीमले माहा धाक हाय, तू हायेस हे कळलं तं लय गोल मारतीन. मॅच झाली का मी सीधा जिनिंगच्या पाळीवर."

"मंग इतके वर्षं बोलला कावून नाई?" बाबाराव ओरडले.

"अरे, सुधाकर हरबार सांगत होता, मी नोतो, सलीम होता. तुमी म्हनत, देखो, कितना सीधा आदमी! त्याचं ऐकलं नाई, माहं कोन ऐकते?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमाले सांगू नको म्हनला होता, ताई. तिच्यापायी फायनल गेली असं वाटन तिले, म्हने."

नाव ठरलं सलीमभाईंचं. ते नको नको करत होते, इरफान म्हणाला, "चाचा, चूप बैठो." बाबाराव मात्र माझ्यावर रुसले. "ताई, आपल्याच गोलमधी बॉल टाकला तुमी!" तरी निघताना चिवडा-चहा घ्यायला लावला त्यांनीच.

संध्याकाळच्या रेल्वेनं बडनेऱ्याला आणि तिथून ऑटोनं घरी आलो. गर्दी असते, जागा मिळेल या भरवशावर राहू नका. सायली माझ्या खांद्यावर झोपली. मी फोटो पिशवीत ठेवला नाही, हातातच धरला.

दार मुलानंच उघडलं. "झालं का मामाचं नाव?" मी चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं. त्यानं फोटो माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "ते फायनल जिंकले ना पन?"

"जिंकले."

शील्ड गेल्याचं मला काही नाही. ती ज्याची त्याला मिळाली. पण त्या दिवसानंतर दादा किती वेळा या दारात आला, आणि दर वेळी मी एकच विचारलं, जेवला का. खेळ कसा झाला, हे एकदाही विचारलं नाही.