हळदीच्या पाण्याचा माग

पोलीस खात्यातल्या माझ्या नोकरीत खून आले, दरोडे आले, दंगली आल्या. तरी नातवंडं गोष्ट सांगा म्हणाली की माझ्या ओठांवर आधी येते ती बुऱ्हाणपूरची एक मोटारचोरी. गुन्हा साधा, कलम ३७९ चा. त्यात ना रक्त सांडलं, ना गोळी सुटली. पण त्या तपासातला एकेक माणूस मला अजून समोर दिसतो.

संस्थानं विलीन होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. मी बुऱ्हाणपूरच्या कोतवालीत सब-इन्स्पेक्टर होतो. त्या दिवसांत आसपासच्या लहानमोठ्या संस्थानांचा पसारा आवरला जात होता. राजवाड्यांतल्या मोटारी लिलावात निघत होत्या आणि ज्यांनी कधी बैलगाडीपलीकडे काही बाळगलं नव्हतं, अशांच्या दारात त्या येऊन उभ्या राहत होत्या. शहरातल्या इतवारा पेठेतल्या एका वकिलांनी अशीच एक विलायती मोटार घेतली होती. गाडी युद्धाच्या आधीची, हँडल मारून सुरू होणारी. वकिलांना तिचा भारी नाद. दर रविवारी बाह्या सारून बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि त्यांच्या पत्नी, मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या त्या, शेजारी उभं राहून पाना द्यायच्या, कंदील धरायच्या.

पुढे वकिलांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कोर्ट सुटलं. माणूस दिवसभर ओट्यावर आरामखुर्चीत बसून राहायचा.

हे सगळं मला कळलं ते वकिलांच्या पत्नी, शाळेतल्या त्या बाई, फिर्याद द्यायला आल्या तेव्हा. त्या दुपारी शाळेत होत्या. घरात कामाला येणारी बाई दळण आणायला गेली होती. परत आल्यावर पाहते तो अंगणातली मोटार नाही.

"घरात कोणीच नव्हतं?" मी विचारलं.

"होते ना. हे ओट्यावरच होते," बाई म्हणाल्या. "साहेब, यांच्या डोळ्यांदेखत नेली गाडी. यांनी सगळं पाहिलं आहे. पण सांगणार कसं?"

माझ्या हेड कॉन्स्टेबलने लिहिता लिहिता मान वर केली. एकुलता एक साक्षीदार, तोही मुका. उजवा हात चालत नसल्यामुळे लिहून देण्याचीही सोय नाही.

मी जागेचा पंचनामा करायला गेलो. अंगणात तेलाचे जुने डाग, एका कोपऱ्यात डबे, पाने, चिंध्या. वकील खुर्चीत होते. मला पाहिल्यावर त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. तोंडातून नुसता आवाज येत होता.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल, जुन्या गाडीसाठी ही एवढी का रडते. आजारी पडल्यावर हे कशातच मन घालेनात. गाडी धूळ खात पडली होती. म्हटलं, विकण्याआधी एकदा चालू करून पाहावी. बॉनेट उघडलं, प्लग काढले, घासले. चुकीचा पाना लावला की हे दांड्यावर हात आपटायचे. बरोबर लावला की गप्प. असं रोज संध्याकाळी चालायचं. गाडी सुरू झाली, मी ती हळूहळू गल्लीत फिरवूही लागले. आणि एक दिवस तोंडातून शब्द आला. 'प्लग'. मग काही दिवसांनी 'तेल'. डॉक्टर म्हणाले, बाई, हे सोडू नका. चार शब्द झाले होते साहेब. गाडी गेल्यापासून तेही बंद. जेवणसुद्धा नको म्हणतात."

एरवी मी चोरीच्या मालाची किंमत रकान्यात लिहितो. त्या दिवशी पेन जरा थबकलं.

शेजारपाजाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. समोरच्या दुकानदाराने सांगितलं, "खाकी कोट घातलेला ड्रायव्हर होता. हँडल मारलं, बसला, गेला. मैंने सोचा, धाकट्या भाऊंनी गाडी बेच दी." सगळ्या गल्लीचा तोच समज. धाकटे भाऊ म्हणजे वकिलांचे सख्खे भाऊ, केळीच्या आडतीवर कामाला होते. "वहिनी, हा पांढरा हत्ती विका," असं ते चारचौघांत म्हणत आले होते. एकदा त्यावरून मोठा वादही झाला होता.

त्यांना ठाण्यावर बोलावणं भाग होतं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत तेच ते प्रश्न उलटसुलट विचारले. ते संतापले, पण जबानीत कुठे फट दिसेना.

"विका म्हणालो, हो, शंभरदा म्हणालो," ते म्हणाले. "वहिनी शाळा करते, भावाचं करते, वर त्या लोखंडाशी झुंजते. हाताला बघा तिच्या किती चटके आहेत. मला बघवत नव्हतं. पण भावाच्या समोरून त्याची गाडी न्यायला मी काय कसाई आहे का?"

खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःबद्दल बोलतो. हे बोलत होते वहिनीच्या हातांबद्दल. मी त्यांना जाऊ दिलं. पण गल्लीने आपला निकाल आधीच देऊन टाकला होता. त्यांच्याशी लोक नीट बोलेनात.

दोन दिवस असेच गेले. स्टेशनवर, चुंगीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर, पेट्रोलच्या पंपावर माणसं पाठवली. पण मोटार खंडव्याकडे गेली की खानदेशाकडे, हेच कळेना. खानदेशाची हद्द ओलांडली असती तर प्रांत बदलला असता आणि मग पत्रव्यवहारात महिने गेले असते.

तिसरा दिवस कोटवारांच्या हजेरीचा होता. गावोगावचे कोटवार, म्हणजे गावचे चौकीदार, आठवड्याला ठाण्यावर येऊन जन्म, मृत्यू, गावातली भांडणं सांगून जात. बहादरपुराच्या पलीकडल्या एका खेड्याचा कोटवार म्हणाला, "साहेब, आमच्या गावात लई तंटा चालू हाये. इहिरीपाशी कोनी तं हयदीचं पानी सांडून गेलं. पिवयं धम्मक. लोकं म्हनता, टोना केला. बाया पान्याले जाई नाही राहिल्या."

हळद सांडून करणी केल्याची तक्रार आमच्याकडे नवी नव्हती. रोजनामच्यात नोंद झाली, शिपाई पाठवायचं ठरलं.

त्याच दुपारी, बाई शाळेतून आल्यावर, मी वकिलांकडे गेलो. तपासात प्रगती नव्हती, पण जाऊन सांगणं माझं काम होतं. मी बोलत असताना वकिलांनी हात हलवला. ओठ थरथरले. आणि फार कष्टाने शब्द आला, "पा... णी."

कामाची बाई धावत तांब्या घेऊन आली. वकिलांनी डाव्या हाताने तो ढकलला. पाणी ओट्यावर सांडलं. "पाणी," ते पुन्हा म्हणाले, आणि मोटार उभी असायची त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"अहो, गाडीचं पाणी!" त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, रेडिएटर गळका आहे. भोकाला डाख लावून घ्यायला इथे कोणी चांगला मिळेना, म्हणून मी त्यात हळद टाकत होते."

"हळद?"

"हळदीची पूड बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. यांचीच युक्ती. पण गाडी गावात हळू चालवली तर. लांब, जोरात नेली की पाणी उकळणार, हळद वाहून जाणार. ज्याने नेली, त्याला वाटेत विहिरीविहिरीवर थांबावं लागलं असणार."

मी उठून उभाच राहिलो. पिवळं धम्मक पाणी. मी त्यांना कोटवाराची हकीकत सांगितली तेव्हा वकिलांच्या घशातून आवाज निघाला. मला वाटलं त्यांना त्रास होतोय. बाई म्हणाल्या, "नाही साहेब, हसताहेत."

हेड कॉन्स्टेबल आणि दोन शिपाई घेऊन मी तडक निघालो. त्या खेड्याच्या विहिरीवर माती अजून पिवळी होती. तिथून पुढच्या मळ्यात विचारलं. पाणी भरणाऱ्या एका म्हातारीने सांगितलं, "हो, आला होता एक डायवर. दोन बादल्या पानी मांगे. गाडी भपाभप वाफ सोडत होती." तिने हाताने दाखवलेल्या वाटेने गेलो तर केळीच्या बागेआड गुरांचा एक मोकळा गोठा होता. आत मोटार उभी. खाकी कोट खुंटीला टांगलेला, आणि एक चाळिशीचा माणूस जमिनीवर बसून शेगडीत डाखणी तापवत होता. रेडिएटर सोडवून समोर ठेवला होता.

आम्हाला पाहून तो पळाला नाही. डाखणी बाजूला ठेवली आणि उभा राहिला.

बागेच्या मालकाला त्याने सांगितलं होतं की तो एका साहेबाचा ड्रायव्हर आहे, गाडी बिघडली, दुरुस्त झाली की जाईन. हद्द तिथून थोड्याच अंतरावर होती. गाडी ढकलत नेली असती तरी एव्हाना पलीकडे गेला असता. मला ते कोडं वाटलं. पंचांसमक्ष जप्ती केली. आमच्यापैकी कोणालाच ती गाडी जोडता येईना, म्हणून त्यालाच रेडिएटर बसवायला लावला आणि शिपायांच्या पहाऱ्यात त्यालाच ती ठाण्यापर्यंत चालवत आणावी लागली. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, आरोपीनं पोलिसांना मोटारीत बसवून ठाण्यावर आणलं, हे पहिल्यांदाच बघतो."

ठाण्यावर त्याने ठाम सांगितलं, "चोरी नही साहेब. वकीलसाहेबांनी विकली मला. ओट्यावरच बसले होते. म्हणाले, घेऊन जा."

"ते स्वतः म्हणाले?"

"हो, स्वतः."

"आवाज कसा आहे त्यांचा?"

तो क्षणभर घोटाळला. "भारी आवाज. वकिलाचा असतो तसा."

  मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "त्यांना वाचा नाही. अर्धं अंग गेलंय. त्यांनी तुला जाताना पाहिलं, ओरडायचा प्रयत्न केला, आणि ओरडता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी अन्न सोडलंय."

त्याचा चेहरा उतरला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

"मैंने हाथ जोडे थे उनको," तो म्हणाला. "ओट्यावर बसलेले पाहिले, म्हटलं आता ओरडतील, मग पळू. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, डुलकी लागली असेल. मालूम नही था, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. संस्थानच्या मोटारखान्यात तो पंधरा-वीस वर्षं ड्रायव्हर होता. हीच गाडी त्याच्या ताब्यात होती. राज्य विलीन झालं, मोटारखान्याला कुलूप लागलं. कारकून, शिपाई नव्या सरकारात घेतले गेले, ड्रायव्हरांना कोणी विचारलं नाही. कामाच्या शोधात बुऱ्हाणपुरात आला आणि इतवाऱ्यात ती गाडी खोकत जाताना ऐकली. "आवाज पहचान लिया, साहेब. चालवणारी बाई होती. मला राग आला. म्हटलं, माझी गाडी कोण मारतंय." खानदेशातल्या एखाद्या स्टेशनवर भाड्याने चालवून पोट भरावं, असा त्याचा बेत होता.

"मग हद्दीच्या अलीकडे का बसून राहिलास?"

"बॉनेट उघडलं ना," तो म्हणाला. "वायरा साडीच्या काठांनी बांधलेल्या. गॅस्केट वहीच्या पुठ्ठ्याचं कापलेलं, पण इतकं साफ की काय सांगू. प्लग आरशासारखे. तरीका गलत होता, पण कोणीतरी जीव लावत होतं. मग पुढे नेववेना, मागे आणायची हिंमत होईना. म्हटलं, आधी गळती तरी बंद करू."

ओळख पटवण्यासाठी गाडी वकिलांच्या दारात नेली. सारा इतवारा जमला होता. चालू गाडी अंगणात शिरली तेव्हा वकिलांनी मान तिरकी करून इंजिन ऐकलं. ठोका एकसारखा पडत होता. बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "असा आवाज नव्हता हिचा." आणि त्यांच्यामागून वकील बोलले. एक एक अक्षर ओढून आणावं तसे.

"कोणी... नीट... केली?"

आजारानंतरचं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य. बाईंनी तोंडाला पदर लावला. धाकटे भाऊ गर्दीत मागे उभे होते, ते पुढे निघाले तसे लोक बाजूला झाले, आणि ते भावाच्या पायाशी बसले. इतक्या दिवसांत गल्लीतल्या कोणी त्यांना पहिल्यांदाच वाट दिली होती.

आरोपीने मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल केला. बाईंनी साक्षीत काही लपवलं नाही. "चोरी केली ती केलीच," त्या म्हणाल्या, "पण गाडी नीट केली, हेही लिहून घ्या." पहिलाच गुन्हा म्हणून मॅजिस्ट्रेटांनी शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं ठरवलं. हमीदार कोण, असं विचारल्यावर कोर्टातले लोक एकमेकांकडे पाहू लागले. परक्या गावचा माणूस, त्याला कोण जामीन राहणार?

धाकटे भाऊ उठले. मी चकित होऊन पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब, गावाने चोर ठरवलेला माणूस कसा घरी जातो, ते मला ठाऊक झालंय."

पुढे त्यांनीच त्याला एका मोटार सर्व्हिसमध्ये चिकटवलं. सुट्टीच्या दिवशी तो इतवाऱ्यात यायचा. अंगणात बाई व्हॉल्व्ह घासायला शिकत, तो दाखवत असे, आणि दोघांचं चुकलं की खुर्चीतून वकील बोलत. शब्दांची वाक्यं झाली. वर्षभरात ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. जुना आवाज काही परत आला नाही. पण अशिलांची कागदपत्रं घरी बसून पुन्हा पाहू लागले होते.

त्यानंतर राज्यांची फेररचना झाली आणि माझी बदली लागली. निरोपाला स्टेशनवर जी माणसं आली त्यांत वकीलही होते. गाडी सुटायला आलेली. त्यांनी माझा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली. वाक्य फार हळू येत होतं. फलाटावर सगळे थांबले. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी त्यांचा शब्द पुरा करून दिला नाही. "तुम्ही... त्या दिवशी... माझं पाणी... ऐकलंत," असं ते म्हणाले.

नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी पुढे एवढंच सांगत आलो, की साक्षीदार मुका आहे असं कागदावर लिहिण्याआधी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. आणि आरोपी सापडला की त्याने काय नेलं हे तर पाहाच, पण नेलेल्या वस्तूचं त्याने काय केलं, तेही पाहा. माणूस कुठून परत वळवता येईल, ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.