तीन आठवड्यांसाठी म्हणून नेलं होतं

नदीला पूर आला तेव्हा सरकारी माणसांनी डल्सीला सांगितलं होतं, "आंटी, फक्त तीन आठवडे." अंगावरच्या कपड्यांनिशी ती हेलिकॉप्टरमध्ये चढली. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराबाहेरच्या छावणीत आता सव्वीस महिने झाले होते.

डल्सी एकाहत्तर वर्षांची. तिच्या आदिवासी आईवडिलांना ट्रकमध्ये भरून नदीकाठच्या या ख्रिस्ती मिशनच्या वस्तीवर आणलं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शाळेत आपली भाषा बोलली म्हणून डल्सीने छड्या खाल्ल्या. पुढे त्याच मिशनच्या पत्र्याच्या चर्चमध्ये तिने चाळीस वर्षं रविवारची प्रार्थना चालवली, आणि तीही आपल्याच भाषेत. "छडी मास्तरने मारली, देवाने नाही," असं ती म्हणे.

एके दिवशी गावी गेलेल्या भाचीने फोटो पाठवला. घरं दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराने चर्चचं गोदाम केलं होतं. बाकं बाहेर पावसात, वेदीवर सिमेंटची पोती.

दुसऱ्या दिवशी छावणीत मीटिंग होती. अधिकारी हसतमुखाने सांगत होता, की डार्विनमध्येच सगळ्यांना कायमची घरं मिळू शकतील. डल्सी उठली.

"आम्हाला ती हवीत, हे कोणी सांगितलं?"

"आंटी, हा नुसता प्रस्ताव आहे."

"माझा भाऊ इथे मेला. त्याला त्याच्या मातीत न्यायला तुमच्या कागदांनी सात आठवडे लावले. तोही प्रस्तावच होता का? आणि देवाच्या टेबलावर सिमेंट ठेवायला कोणाला विचारलंत?"

"चर्च आमच्या दुरुस्तीच्या यादीत नाही."

"मग यादीच चुकली आहे!"

छावणीच्या दवाखान्यातली नर्स लीना साळवे मागे उभी राहून ऐकत होती. ती अहिल्यानगरच्या ख्रिस्ती घरातली. फोटोत वेदीवरची पोती पाहून तिच्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती. मीटिंग संपल्यावर ती डल्सीला म्हणाली, "आंटी, शनिवारी माझी सुट्टी आहे. पहाटे तुमच्या गावाला निघू."

शनिवारी दुपारी उशिरा त्या लीनाच्या गाडीने गावात पोचल्या. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "नो वरीज, पुढच्या महिन्यात रिकामं करतो."

"उद्या रविवार आहे," डल्सी म्हणाली आणि सरळ आत शिरून एक पोतं ओढू लागली. तिला ते हलवेना. लीनाने दुसरं टोक धरलं, भाचीही धावत आली. तिघींची ओढाताण पाहून दोन कामगारांनी चहाचे मग खाली ठेवले. ऊन उतरेपर्यंत चर्च मोकळं झालं.

रविवारच्या प्रार्थनेला नऊ माणसं होती. लीना ड्यूटीसाठी परत गेली, डल्सी मात्र गाडीत बसली नाही. सोमवारी सरकारी नोटीस आली: 'परवानगीशिवाय वास्तव्य.' चष्मा लावून तिने ती दोनदा वाचली.

"परवानगी? माझ्याच गावात?"

अकरा आठवडे ती चर्चमध्येच झोपली. शेवटी तिचं घर दुरुस्त झालं, तेही दारांना डासांच्या जाळ्या न लावता. तिच्यामागून सहा कुटुंबं परतली. तीस अजून छावणीत आहेत. दर रविवारी डल्सी त्या तीसही घरांची नावं प्रार्थनेत घेते. त्या अधिकाऱ्याचंही घेते, पण आवाज जरा चढवून.