रुमालाखालची पकड

दोन शेळ्यांवर धंदा उभा केला, मारुंजीत पोराला फ्लॅट घेऊन दिला, आणि त्याच सोसायटीच्या आरोग्य शिबिरात एका कोवळ्या डॉक्टरीणबाईनं माझ्या कार्डावर ‘अशक्त’ असं लिहिलं. तो राग अजून गेलेला नाही.

तिनं हातात एक यंत्र देऊन दाबायला सांगितलं. काटा अर्ध्यावरच थांबला.

“यंत्र ढिलं हाय तुमचं.”

“नवीन आहे, काका. मुठीतला जोर कमी झाला, की सगळं शरीरच थकलेलं असतं. मग साधं पडणंसुद्धा जिवावर बेततं.”

“पासष्ट वय कशाला लिवलंय? साठ धरा, जमंल.”

ती हसली. शेजारी उभी असलेली माझी सून हसली नाही. घरी फर्मान निघालं : आबांनी एकट्यानं बाजाराला जायचं नाही.

बाजार सुटल्यावर मी करायचं काय? लिफ्टमधून वर-खाली? पुढच्या बाजाराला कुणालाही न सांगता गेलो.

आम्ही जनावराचा भाव तोंडानं बोलत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतो. वीस वर्षं ज्याच्याशी भांडलो, त्या व्यापाऱ्याचा एक बोकड आवडला. रुमालाखाली बोटं दाबली. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मागितला तो भाव लगेच कबूल केला. सरणाच्या लाकडांसाठीही घासाघीस करील असा हा माणूस!

“येवढ्यात कसा काय सोडताय?”

“न्या, शेठ. बोटांत जीवच न्हाई तुमच्या. दवापाण्याला ऱ्हाऊ द्या.”

माझं डोकं फिरलं. रुमाल झटकून ओरडलो, “हजार वाढवा!”

“न्हाई वाढवत.”

“पाचशे तरी!”

माणसं जमली. घेणारा भाव चढवतोय आणि विकणारा पाडतोय, असला सौदा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तीनशे वाढवल्याशिवाय मी हललो नाही.

बोकड घेऊन सोसायटीच्या गेटवर उभा राहिल्यावर लपवणार काय? सून ओरडली नाही. तिनं खुर्ची ओढली. “हात न टेकवता दहा वेळा उठून दाखवा, आबा. मग खुशाल जा.”

आता रोज सकाळी तेच चालतं.

“दहा झाले.”

“सात.”

“परवा बाजार हाय. नऊ तरी धर.”

“सातच झालेत. बसा परत.”

मी बसतो.