तांडेलसाहेबांचं परतीचं तिकीट

तांडेलसाहेबांचं परतीचं तिकीट मी रद्द करायला लावलं. ही चूक माझी. हे आधी लिहून टाकतो. नाहीतर त्यांच्याबद्दल पुढे काही चांगलं लिहायचा मला अधिकार नाही.

जहाजावर ते चीफ इंजिनिअर आणि मी सगळ्यांत ज्युनिअर. इंजिनरूममध्ये शिरले की पाइपांना, पंपांना तळहात लावत पुढे जायचे. मी मीटरचे आकडे वाचले की म्हणायचे, "ते मलापण दिसतंय रे. हात लावलास का? नाही ना? मग आधी हात लाव." इथे सिंगापुरात, यिशुन वसाहतीतल्या त्यांच्या फ्लॅटवर सुट्टीत आले तरी फ्रिजला हात लावून उभे. सुनंदावहिनी ओरडायच्या, "अहो, घरी आलात ना? बसा की!"

पुढे मी कंपनीच्या इथल्या ऑफिसात बसून त्यांनाच कामं सांगू लागलो. आखातातल्या एका बंदरात त्यांची शेवटची फेरी संपली, नवा चीफ रुजूही झाला. पण इंधनपंपाचा एक भाग विमानाने यायचा होता. मी म्हटलं, "साहेब, दोन दिवस थांबा, तेवढा तपासून द्या." खरं तर फोटो मागवून मीच तपासू शकलो असतो. पण पुढे बिघाड झाला असता तर नाव माझं आलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "घरी सांगतो, माझंच काम राहिलंय. तू जेवायला येतोस तिच्याकडे, उगाच तुझ्यावर चिडायला नको."

विमानतळाजवळच्या नव्या, आखीव वसाहतीत त्यांची सोय केली. "आपल्या यिशुनसारखंच रे. ब्लॉकवर नंबर. झाडं तेवढी नाहीत." दुसऱ्याच दिवशी क्षेपणास्त्रं पडू लागली, विमानतळ बंद झाला. "काचा गेल्या सगळ्या. लपायला तळघरसुद्धा नाही. गाडीने, बोटीने, कसंही काढ मला." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी फोनवर फोन केले. कुणी गाडी काढायला तयार होईना. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा ब्लॉक कोसळला.

माझ्यासाठी त्यांनी सांगितलेलं खोटं मी सात महिने तसंच ठेवलं. दर रविवारी फळं घेऊन वहिनींकडे जात राहिलो. मागच्या रविवारी त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा भावजी, तिकीट हातात असताना कुणी लोखंडासाठी मागे राहतं? त्यांच्या फोटोला हार घालायला माझा हात होत नाही. इतका राग येतो."

मी उभा राहिलो. "वहिनी, ते निघालेच होते. मी थांबवलं, स्वतःची कातडी वाचवायला. तुमचा राग माझा आहे, त्यांचा नाही. मला माफ करा."