मोठ्यानं बोलणाऱ्या घरांच्या डॉक्टर

डॉ. शालिनीताई करंबेळकर यांची आणि माझी पहिली भेट भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. समाजकार्याची पदवी घेऊन मी मुलाखतीला गेले होते. प्रमाणपत्र बाजूला सारून ताईंनी विचारले, "तुमच्या घरी भांडण झालं की आधी कोण बोलतं?" मी गोंधळून म्हणाले, "आई." "मग या उद्यापासून," ताई म्हणाल्या. मानसोपचाराच्या दवाखान्यात ही कसली परीक्षा, असे वाटले. पुढे कळले, की ताई रुग्णाइतकेच त्याचे घरही तपासतात.

स्किझोफ्रेनिया औषधाने आटोक्यात येतो, पण माणूस परत जातो तो घरातच. तिथे टोमणे असले, नाहीतर उठता-बसता पाळत असली, तर सावरलेला माणूस पुन्हा ढासळू शकतो. देशोदेशीच्या अभ्यासकांनी हे तपासले आहे. मात्र परक्या घरांची फूटपट्टी आपल्या घरांना जशीच्या तशी लावू नये, असा ताईंचा आग्रह असतो. कुठे बोलण्याचा जाच होतो, तर कुठे न बोलण्याचा.

टेमघरच्या हिराबाईंचे घर मला यासाठीच आठवते. घराला लागून त्यांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. धाकटा मुलगा जयवंत औषधे नियमित घेऊनही पुन्हापुन्हा आजारी पडत होता. थोरला काशिनाथ टेकीला आला होता. "ताई, याला आता कायमचा कुठंतरी ठेवून येतो. मला बी पोरं हायेत," तो म्हणाला. हिराबाई नुसत्या रडत होत्या. घरात कोणी ओरडत नव्हते, टाकून बोलत नव्हते. मग चुकत होते तरी काय?

"उद्या तुमच्याकडे जेवायला येते," ताई म्हणाल्या. ताई सांगितल्या वेळेला कधीच पोचत नाहीत, हा दोष त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथातही झाकण्यासारखा नाही. आम्ही गेलो तोवर भाकऱ्या गार झाल्या होत्या. आत पाहतो तर लूमच्या खडखडाटात जन्म गेलेली ती माणसे एकमेकांच्या कानाशी लागून बोलत होती! 'रुग्णासमोर आवाज चढवू नका' असे हिराबाईंनी कुठल्याशा शिबिरात ऐकले होते आणि मायेपोटी साऱ्या घराला तोच नियम घातला होता. जयवंतचा घास मात्र ताटातच होता. त्याची नजर या तोंडावरून त्या तोंडावर फिरत होती.

"जयवंत, ही मंडळी काय बोलतायत?" ताईंनी विचारले.

"माज्याबद्दल. मला घालवनार हायेत."

"अरं, भाजीत मीठ कमी हाय, येवढंच बोलले मी!" हिराबाई कळवळल्या.

ज्याला आधीच नसलेले आवाज ऐकू येतात, त्याच्यासमोर सारे घर कुजबुजत होते. ताई म्हणाल्या, "हिराबाई, आवाज मोठा असला तरी चालेल, त्यात टोचणी नको. पहिल्यासारखं बोला बघू." काशिनाथ जरा चाचरला. मग लूमवर मारतात तशी हाक मारून म्हणाला, "जयवंत, मीठ दे रं इकडं!" जयवंतने मीठ दिले आणि पहिला घास घेतला. हिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मी ओढणी.

एका जेवणाने आजार जात नाही. औषधे चालूच राहिली. काशिनाथला चिडण्याऐवजी काय खटकते ते सांगायला शिकावे लागले. हिराबाईंना मुलावरची पाळत सोडावी लागली, आणि ते त्यांना फार जड गेले. ताई न कंटाळता त्या घरी जात राहिल्या. आज जयवंत दिवसाच्या शिफ्टला भावाशेजारी लूमवर उभा राहतो. मध्ये एकदा त्याचा तोल जाऊ लागला, तेव्हा काशिनाथनेच ते वेळेत ओळखून त्याला दवाखान्यात आणले.

ताईंची माया मीही अनुभवली आहे. माझ्या सासूबाईंना विस्मरण जडले, तेव्हा मी रजा मागितली. ताईंनी रजा तर दिलीच, वर दर आठवड्याला पडघ्याला आमच्या घरी येऊन सासूबाईंच्या त्याच त्या गोष्टी नव्याने ऐकल्या आणि तेवढा वेळ मला झोपायला लावले. त्या झोपेचे ऋण मी विसरणार नाही.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हे सारे लिहू का, असे विचारायला मी टेमघरला गेले. "लिवा की, नाव बी घाला," जयवंत म्हणाला. ताईंसाठी देवाकडे काय मागू, असे विचारल्यावर तो म्हणाला, "चांगली तब्येत मागा. आन त्यांना सांगा, आता आमाला बघायला येऊ नका, नुसतं जेवायला या."

ताई, आपल्याला उदंड निरोगी आयुष्य लाभो, आणि असे आमंत्रण भिवंडीतल्या घराघरांतून येवो.