माशाच्या पोटातला माणूस

सेलूच्या नाटक कंपनीचे पडदे वीस वर्षं आश्रुबा पेंटरानं रंगवले. अरण्य, महाल, स्मशान. प्रयोगात नट वाक्य विसरला तर विंगेतून तेही तोच पुरवायचा. पडदा रंगवायचा आणि कुणी विचारलं की त्याचा अर्थही रंगवून सांगायचा, ही त्याची खोड. कंपनी मोडली, पडदे उंदरांनी खाल्ले, खोड मात्र राहिली.

साठ साली दवाखान्याचा गोरा डॉक्टर मायदेशी निघाला. जाताना आश्रुबाला एक चित्र देऊन गेला. रखरखीत वाळूत बैलगाडीएवढा मासा, वर दोरीनं टांगलेला सूर्य. माशाच्या पोटाला दार, आत पाठमोरा बसलेला माणूस. सावली तेवढी एकटीच बाहेर चाललेली. "बायबलातली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाला होता. "देवाचं ऐकलं नाही म्हणून माशानं गिळला. तीन दिवसांनी जिवंत निघाला."

आश्रुबानं चित्र आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानात टांगलं, त्याच बाजारच्या दिवशी सारजाबाई आली. तिचा मुंजाजी कंपनीत पडदा ओढायचा. अठ्ठेचाळीसच्या रझाकारी धामधुमीत परभणीला म्हणून गेला तो गेलाच. आता बारा वर्षं भरली होती. बेपत्ता माणसाची एवढी वाट पाहायची, मग कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. तोवर सून दैवशाला ना धड सवाष्ण, ना धड विधवा. पुतळा जळला की तिचा पाट लागणार होता; सोनपेठचा एक बिजवर तयार होता.

"पुतळ्याला तोंड तूच काढून दे, आश्रुबा. तू पायलेलं हाय त्याला," म्हणता म्हणता सारजाबाईची नजर भिंतीवर गेली. "आन् ही पाठ? ही तर माझ्या मुंजाजीची! निघतो का रे ह्यो बाहीर?"

कंपनी मोडल्यापासून आश्रुबाकडं इतक्या आशेनं कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज आपोआप चढला. "निघतो, माय! जिता निघतो! सावली म्होरं आलीय, मागून धनी येतोय!"

पुतळा जाळायचा राहिला.

पंधरवड्यानं दैवशाला दुकानाच्या दारात उभी. "लय झ्याक सांगितलं मामा तुमी. सासू रोज त्यांचं ताट वाढायलीय. सोनपेठचा दिवाळीपतुर थांबतो म्हणलाय."

"पोरी, म्हातारीचा जीव त्यात..."

"आन् माझा? सोळाव्या वर्षापासून मी बी आतच बसलेय न्हवं?"

दुसऱ्या सकाळी आश्रुबा चित्र काखेत मारून सारजाबाईच्या ओसरीवर गेला. "माय, त्या दिशी मी खोटं बोललो. बघ, मासा कोरड्यावर पडलाय. पाणी न्हाई, काई न्हाई. सावली बी सोडून गेली, मग आत ऱ्हायलं काय?"

"चित्र देताना डाक्टर काय म्हणला व्हता?"

आयुष्यभर स्टेजवरच्या लोकांना विसरलेली वाक्यं विंगेतून पुरवणारा आश्रुबा स्वतःच अडखळला. मग म्हणाला, "मेला, म्हणला."

सारजाबाई उठली, परात घेऊन आली. कणीक तिनं स्वतः मळली. आश्रुबानं ब्रश काढला, तर म्हणाली, "तोंड नगं. पाठमोराच निजव."

दैवशाला दिवाळीआधी सोनपेठला गेली. सारजाबाई मात्र दर बाजारी दुकानात येऊन चित्रासमोर बसू लागली. आश्रुबाला ते सोसवेना. एक दिवस त्यानं वाळूचा रंग कालवला आणि माशाच्या पोटातलं ते दार, आतल्या माणसासकट, बुजवून टाकलं.

पुढच्या बाजारी सारजाबाई आली. चित्राकडं पाहिलं, जवळ गेली, आणि नखानं तो रंग खरवडू लागली.