उधळलेला कट

मराठीत कट शिजतो, नाहीतर उधळतो. दिल्लीकडे तो रस्त्यात असतो. दुभाजकात गाड्यांना वळायला जी मोकळी जागा ठेवतात तिला तिकडे कट म्हणतात. नोएडात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात हौसाबाईंना हे बसमध्ये समजलं. कंडक्टर ओरडला, "कट वाले आगे आ जाओ!" हौसाबाई दचकून स्वतःशीच पुटपुटल्या, "अगं बाई, कसला कट?" पुढच्या सीटवरची चष्मेवाली बाई गर्रकन वळली आणि पोट धरून हसायला लागली. हसणं आवरल्यावर म्हणाली, "मराठी का तुम्ही? मग चला, उतरा माझ्याबरोबर. आपण दोघी एकाच कटातल्या."

या अलकनंदाबाई. यजमान केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, सगळा संसार आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये झाला. ते गेल्यावर त्या मुलाकडे, चैतन्यकडे, नोएडाच्या नव्या सेक्टरात राहायला आल्या होत्या. हौसाबाई साताऱ्याकडच्या. नवरा कृष्णात फौजेत हवालदार, त्यामुळे त्यांचा संसार छावण्या-छावण्यांतून फिरलेला, आणि पेन्शनीनंतर मुलाच्या नोकरीपायी इथेच थांबलेला. गावाकडे या दोघींची गाठ पडली नसती. पडली असती तरी एक कोचावर आणि दुसरी दारात, अशीच. परमुलखात मात्र भाषेनं दोघींना एका पलंगावर बसवलं.

रोज दुपारी हौसाबाई कटातून रस्ता ओलांडून पलीकडे अलकनंदाबाईंकडे जायच्या. वर्षानुवर्षं हिंदीत भाजी घेऊन आणि हिंदीत भांडून त्यांची जीभ आंबून गेली होती. पलीकडे उतरंड, कालवण, भुरका असले शब्द तोंडात आले की नुसतं बोलूनच पोट भरायचं. अलकनंदाबाई त्यांना 'हौसा' म्हणायच्या. आई गेल्यापासून त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग मॉलचं वारं आलं. कटाजवळच्या रिकाम्या जागेवर 'प्रस्तावित व्यापारी संकुल' असा भलामोठा फलक लागला. संकुल झालं की गाड्यांची तोबा गर्दी होणार, तेव्हा रहदारीला आधीच शिस्त लावा, असं कोणा शहाण्यानं ठरवलं. शिस्त म्हणजे काय, तर कट बंद. दुभाजकावर छातीएवढा लोखंडी कठडा घातला, गाड्यांना वळायला पार पुढचा चौक दाखवला. माणसांसाठी पूल होता, पण तोही प्रस्तावितच. मॉलची वीटसुद्धा चढली नव्हती आणि कट मात्र खरोखरचा बंद झाला होता. मातीच्या डंपरसाठी तेवढी एक फट ठेवली होती. तिला साखळी, आणि साखळीवर माणूस.

तो माणूस म्हणजे कृष्णात. बिल्डरला माजी सैनिक हवे होते आणि कृष्णातना घरात बसवत नव्हतं. नारिंगी जाकीट आणि गळ्यात शिट्टी आल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखे ताठ झाले.

हौसाबाईंना वाटलं, चला, साखळी घरातच आली. दुसऱ्याच दिवशी त्या फटीपाशी उभ्या राहिल्या.

"अहो, जरा सोडा की. पटकन जाऊन येते."

"पब्लिकला मनाई आहे."

"मी पब्लिक?"

"ड्युटीवर तू पब्लिकच."

हौसाबाई फणफणत परत आल्या आणि संध्याकाळी ताट आपटून वाढलं. कृष्णात जेवले, मग म्हणाले, "काल एका सायकलवाल्याला टेम्पोनं उडवलं. त्याची चप्पल मीच उचलली. तुझी उचलायला लावू नको." त्यानंतर हौसाबाईंनी तो विषय काढला नाही.

फोनचाही उपयोग नव्हता. अलकनंदाबाईंच्या कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी मारायचं. पुढच्या चौकातून फिरून जायला रिक्षावाला तयार नसे, आणि चालत जायला गुडघे तयार नसत. मग उरले कृष्णातच. चहाची टपरी पलीकडे, अलकनंदाबाईंच्या फाटकाशी. तिथून येताना ते निरोप आणायचे.

"काय म्हणाल्या?"

"ठीक आहे म्हणाल्या."

"अहो, पण चांगल्या घटकाभर बोलत होत्या! हात हलताना मी इथून बघत होते."

"बाकी मग असंच, घरातलं."

"मला तेच तर पाहिजे होतं!" हौसाबाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचं. रस्त्यापलीकडचं माणूस त्यांना साताऱ्याहून लांब वाटायला लागलं होतं.

एक दिवस कृष्णात चहा पिऊन परतले आणि साखळीवर न जाता थेट घरी आले. "चैतन्यला पुण्याला नोकरी लागली. उद्या निघतायत सगळे. कायमचे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हौसाबाई फाटकात उभ्या होत्या. पलीकडे गाडीत सामान चढलं. अलकनंदाबाई गाड्यांच्या फटींतून इकडे काहीतरी शोधत होत्या. हौसाबाईंनी हात वर केला आणि नेमकी मधे बस आली. बस गेली तोवर गाडी उजवीकडे निघून गेली होती. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

कट बंद आहे, गाडीला पुढच्या चौकात वळून याच बाजूनं, याच फाटकासमोरून जावं लागणार आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. कृष्णातच्या आलं होतं. त्यांनी साखळी सोडली, भर रस्त्यात जाऊन उभे राहिले, शिट्टी मारली आणि हात वर केला. टेम्पो थांबले, बस थांबली, सगळ्यांत पुढे अलकनंदाबाईंची गाडी थांबली. मागे हॉर्नचा गदारोळ उठला, सुपरवायझर ओरडत धावला. कृष्णातनी मात्र हात खाली घेतला नाही आणि मान वळवून गाडीकडे पाहिलंही नाही.

काच खाली झाली. हॉर्नच्या गोंगाटात यंत्र कर्कश वाजत होतं म्हणून अलकनंदाबाईंनी ते कानातून काढून टाकलं होतं. त्यांनी हौसाबाईंचे दोन्ही हात धरले.

"हौसा," त्या हसत-रडत म्हणाल्या, "आपला कट उधळला गं."

हौसाबाईंना कितीतरी बोलायचं होतं. त्यांनी अलकनंदाबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलत राहिल्या, सुपरवायझरनं कृष्णातचा हात खाली ओढेपर्यंत.

संध्याकाळी कृष्णात घरी आले. जाकीट आणि शिट्टी बरोबर नव्हती. टेकता टेकता त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

हौसाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"ठीक आहे म्हणाल्या."